वैजूची उनपदेवची सहल

"पोर गयी नही का सहलले?" लोटन नानांनी स्टुलावरून न उठताच विचारलं.

"ताप आला होता," कुमुद म्हणाली.

आठ दिवस हे वाक्य ती मनात घोळवत होती. बाहेर पडलं ते इतकं सरळ, की तिचं तिलाच भय वाटलं. लोटन नाना या शाळेचे जुने शिपाई. त्यांनी तिच्या हातातल्या अर्जाच्या कागदाकडे पाहिलं आणि बाक दाखवलं. "बठा आठे. सर बलावतीन."

कुमुद बसली. पौषातलं कोवळं ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन फरशीवर पट्टे पाडत होतं. कुठल्याशा वर्गात पाढे चालले होते. साठ पोरींचा एकच सूर, उठायचा आणि बसायचा, जणू मोठं जनावर झोपेत श्वास घेतंय. ऐकता ऐकता तिचे डोळे जड झाले आणि ती पहाट पुन्हा समोर आली.

सहल उनपदेवची, चोपड्याकडची. एसटी साडेपाचला शाळेच्या कोपऱ्यावर येणार होती. दशम्या आदल्या संध्याकाळीच करून फडक्यात बांधलेल्या. पहाटे कुमुदला स्वप्न पडलं. तापीच्या पुलावरून एसटी चालली आहे, आणि मधेच पूल संपून नुसतं धुकं उरलंय. एसटी पडत नाही, बुडत नाही. कागदाच्या नावेसारखी तरंगत लांब लांब जाते, आणि प्रत्येक खिडकीतून एक चिमुकला हात हलतो आहे.

ती दचकून उठली, तेव्हा गजराला दहा मिनिटं होती. बीए झालेली बाई, स्वप्नाबिप्नावर विश्वास ठेवणारी नव्हे. तरी तिनं घड्याळाचं बटण दाबून टाकलं आणि लेकीच्या उशाशी बसून राहिली. कोपऱ्यावरून हॉर्न आला, तीनदा. वैजू झोपेतच गालात हसली.

उजाडल्यावर कुमुदनं सांगितलं, गजर वाजलाच नाही. नऊ वर्षांची पोर, रडली असती तर बरं झालं असतं. ती मागच्या दारी उन्हात जाऊन बसली आणि फडकं सोडून सगळ्या दशम्या एकेक करून खाल्ल्या, प्रवासात खातात तशा, समोर लांबवर बघत.

तिचा नवरा अभिमन डाळमिलमधून येताना घड्याळ दुरुस्तीवाल्या अमीनभाईंना दाखवून आला. अमीनभाईंनी ते उघडलं, कानाला लावलं आणि म्हणाले, यात काही खोट नाही, वहिनींना विचारा. अभिमननं ते हसत सांगितलं. कुमुद चुलीकडे वळली. मग त्यानंच सुचवलं, तापाचं कारण लिही आणि पैसे परत माग. गजराला कोण विचारतंय.

"बाई, बलायेल शे," नाना म्हणाले.

मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला आणि वर्गशिक्षिकेला बोलावणं पाठवलं. पुष्पाबाई आल्या त्या वह्यांचा गठ्ठा घेऊनच. कुमुदला पाहताच त्यांचा चेहरा फुलला.

"तुम्ही वैजूच्या आई ना? मी निरोप धाडणारच होते. मला काही सहलीला जाता आलं नाही, पण हिचा निबंध वाचला आणि जाऊन आल्यासारखं वाटलं."

त्यांनी वही उघडली आणि उभ्या उभ्याच वाचू लागल्या.

"'एसटी पुलावर आली तेव्हा नदी झोपली होती. आम्ही कोणी बोललो नाही, ती उठू नये म्हणून. उनपदेवला दगडाची गाय आहे. तिच्या तोंडातून गरम पाणी येते. गाय खूप दिवसांपासून रडत असेल, म्हणून पाणी गरम आहे. मी तिचे तोंड पुसले.'"

वही मिटून त्या म्हणाल्या, नाव न सांगता वर्गात वाचून दाखवला. ही मात्र पूर्णवेळ खाली मान घालून बसलेली. लाजाळू आहे फार.

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला. एका हातात अर्ज, समोर वही.

"बाई, यातलं एकच खरं असणार. झुलाल सर होते एसटीत. त्यांना बोलावतो, आणि मुलीलाही."

पाढे थांबले होते. कुमुदला वाटलं, अख्खी शाळा कान देऊन ऐकतेय. वैजू या दारात येऊन उभी राहील, आणि ती गाय, ती झोपलेली नदी, सगळं तिच्या हातातून या टेबलावर काढून घेतलं जाईल.

"नको, सर," ती म्हणाली. "गेली होती ती. अर्ज खोटा आहे."

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग कागद तिच्याकडे सरकवला. "शिकलेल्या दिसता, बाई."

तिनं मान खाली घातली. पुष्पाबाई वहीकडे पाहत होत्या, मग तिच्याकडे.

"भेटनात का पैसा?" बाहेर नानांनी विचारलं.

"राहू द्या, नाना," ती म्हणाली आणि अर्जाची घडी कंबरेला खोचली.

दिवेलागणीला वैजू ओसरीवर पाटी पुसत होती. आत घड्याळ टिकटिकत होतं. कुमुद शेजारी जाऊन बसली. सांगायचं होतं ते ओठापर्यंत आलं, पण निघालं ते वेगळंच.

"वैजू, ते उनपदेवचं पाणी किती गरम होतं गं?"

पोरीनं आईकडे एकटक पाहिलं. मग आईचा हात ओढून आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, घट्ट.

"एवढं," ती म्हणाली.