चुलीचा तिसरा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. पूर्वी भोपळ्याएवढा होतो, आता वाटीएवढा उरलो आहे. डोंगरांचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंच्या टेबलावर कागद दाबून बसतो.

माझा जन्म जमिनीच्या पोटात फार खोल झाला. माझ्यात बारीक स्फटिक आहेत. त्यांतला युरेनियमचा एखादा अणू अधूनमधून फुटतो आणि स्फटिकात सूक्ष्म रेघ उमटते. खोलवरच्या उष्णतेत ती पुसली जाते. दगड वर येऊन थंड झाला, की मग मात्र टिकते. या रेघा मोजल्या की दगड कधी थंड झाला ते कळते.

एके काळी समुद्राचा तळ आमच्या किनाऱ्याखाली सरकू लागला आणि आमचा डोंगर वर उचलला गेला. हे कधी सुरू झाले, तेच बाईंना शोधायचे होते. शिखराचे दगड डोंगर उठण्याच्या फार आधी थंड झालेले, पायथ्याचे फार नंतर. मधल्या कड्यावरून आणलेला मी एकटाच. सगळी भिस्त माझ्यावर, म्हणून मी थोडा फुगलोही होतो.

मोहिमेवरून परतल्यावर दोन महिन्यांनी बाईंनी माझी एक कड कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. रेघ जवळजवळ नाहीच!

"हा काय काल जन्मला?" त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

दरम्यान दरड कोसळून कड्याची वाट गेली होती. तरी बाईंनी कपाटातून दोर काढले. दोर लावून कडा चढायचा आणि दुसरा दगड आणायचा, असे त्यांनी ठरवले.

मोहिमेवर स्वयंपाक करणारे काका तेवढ्यात चहा घेऊन आले. दोर पाहून त्यांनी कप टेबलावर ठेवला.

"बाई, जाऊ नका. चूक माझी आहे. तिथं डोंगरावर चुलीचा एक दगड फुटला, पातेलं कलंडायला लागलं. मी तुमच्या ढिगातला हा लावला. तीन दिवस वापरला, मग काजळी घासून पिशवीत ठेवून दिला. म्हटलं, दगडाला काय होतंय!"

"आणि इतके दिवस गप्प बसलात?"

"कामावरून काढाल म्हणून भ्यालो. पण काम दुसरं मिळेल हो. तुम्ही पडलात तर?"

बाईंना राग आला होता. तो त्यांनी चहाबरोबर गिळला.

"विस्तवाकडं कुठली बाजू होती?"

काकांनी मला हातात फिरवले. "ही. हा बघा पातेल्याचा ओरखडा."

मग बाईंनी माझी पाठीमागची, न भाजलेली बाजू कापली. तिथे रेघा शाबूत होत्या. मी नव्वद लाख वर्षांपूर्वी थंड झालो, असे निघाले, आणि डोंगर कधी उठू लागला ते बाईंना कळले. दोर परत कपाटात गेले. पुढच्या मोहिमेसाठी काकांना लोखंडी तिवई मिळाली.

मित्रांनो, दगड उचलण्यापूर्वी तो कुणाचा आहे ते विचारा. माझी भाजकी बाजू आता कुणाच्याच कामाची नाही, त्याचे वाईट वाटते. पण काका रोज टेबल पुसताना मला उचलतात आणि हलकेच जागेवर ठेवतात. चूक तुमच्याकडूनही होईल. ती घासून लपवू नका. कुणी दोर खांद्यावर टाकण्याआधी सांगून टाका.