बाईंचा आवाज

कानाच्या मशीनच्या दुकानात ती सगळ्यांचीच ताई होती. ऐकू न येणाऱ्यांशी दिवसभर मोठ्यानं बोलून तिचा घसा बसायचा, आणि घरी आली की ती बोलू न शकणाऱ्यांच्या कामाला लागायची. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज जाणार आहे त्यांनी आधीच काही वाक्यं वाचून रेकॉर्ड करून ठेवायची. पुढे संगणकावर काहीही टाइप केलं की तो त्यांच्याच आवाजात बोलायचा. असा प्रोग्राम तिनं लिहिला होता. तो फुकट होता आणि त्याचा सगळा कोड कुणालाही उघडून वाचता येत होता. ज्यांना कोड कळत नव्हता त्यांना तिनं शब्द दिला होता, की तुमचा आवाज तुमच्या संगणकाबाहेर जाणार नाही, अगदी माझ्याकडेसुद्धा येणार नाही.

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई तिच्या पहिल्यावहिल्या वापरणाऱ्यांपैकी. शस्त्रक्रियेआधीचे दिवस त्यांनी मायक्रोफोनसमोर बसून काढले होते. ठरलेली वाक्यं संपली तेव्हा त्यांनी नद्यांची नावं वाचली, आणि मग नातीला रागावायची वाक्यं स्वतःच्या मनानं घातली. ती तर लागतीलच, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा मेसेज दुकानात आला: माझा आवाज उघडत नाही, येऊन बघतेस का?

ताईला वाटलं स्पीकरची वायर निघाली असेल. जेवणाच्या सुट्टीत ती बाईंकडे गेली. पडद्यावर खंडणीची मागणी होती आणि आवाजाच्या सगळ्या फायलींना कुलूप लागलं होतं. काल काही केलं होतं का, असं तिनं विचारलं. बाईंनी टाइप केलं, की प्रोग्रामची नवी आवृत्ती आली होती, ती घेतली. ताईनं नवी आवृत्ती काढलेलीच नव्हती.

बाईंच्याच टेबलावर बसून तिनं आपला सर्व्हर तपासला. तिथं सगळं जागच्या जागी होतं, कुणी आत शिरल्याची खूण नव्हती. संध्याकाळपर्यंत आणखी लोकांची पत्रं आली. त्या सगळ्यांचं इंटरनेट एकाच कंपनीचं होतं, आणि त्या कंपनीत ताईचा भाऊ काम करत होता. केस पिकायला लागले तरी घरात तो धाकटाच होता.

त्यानं फोन उचलला नाही. ड्यूटी संपल्यावर तो सरळ घरी आला आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसून राहिला. काय झालं ते त्याला सकाळीच कळलं होतं.

"इंटरनेटवर प्रत्येक कंपनी शेजारच्या कंपनीला सांगते, की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडे जाणारं सगळं माझ्याकडे पाठव," तो म्हणाला. "काल कुठल्या तरी लांबच्या कंपनीनं तुझ्या सर्व्हरचा पत्ता आपलाच म्हणून सांगितला. आमच्या यंत्रांनी ते खरं मानलं. दुपारपर्यंत तुझ्याकडे निघालेली माणसं त्यांच्या दारात जात होती, आणि तिथं त्यांना ती खोटी आवृत्ती मिळत होती."

"कुणीही उठून सांगावं आणि तुम्ही मानावं?"

तसं नव्हतं. पत्त्याचा खरा मालक सही करून नोंद ठेवतो, आणि कुणी त्या पत्त्यावर हक्क सांगितला की यंत्रानं ती नोंद बघायची. जुळलं नाही तर ऐकायचंच नाही. ताईच्या सर्व्हरची तशी नोंद होती. कंपनीत ही तपासणीही होती. पण काही महिन्यांपूर्वी एका बड्या ग्राहकाची स्वतःचीच नोंद चुकलेली निघाली आणि त्याची साइट दिसेनाशी झाली. त्यानं आकाशपाताळ एक केलं. साहेब म्हणाले, सध्या तपासणी बंद ठेवा, मग बघू. ते 'मग' कधी उजाडलंच नाही.

"बंद कुणी केली?" ताईनं विचारलं.

"साहेबांनी सांगितलं ना."

"सांगितलं कुणी ते नाही विचारत. बंद कुणी केली?"

"मी."

ताई त्याच्यावर ओरडली नाही. ओरडायला तिला तोंडच नव्हतं. तिच्या प्रोग्रामनंही प्रत्येकाला लाल चौकटीत विचारलं होतं: ही आवृत्ती खरी असल्याची खात्री पटत नाही, तरीही घ्यायची का? लोकांनी 'हो' दाबलं होतं. कारण आवृत्ती आपलीच आहे हे पटवणाऱ्या डिजिटल सहीची किल्ली मागं तिनं बदलली, तेव्हा खऱ्या आवृत्तीलाही तीच लाल चौकट आली होती. लोक घाबरले, फोनवर फोन आले, आणि तिनं सगळ्यांना कळवून टाकलं होतं, की काळजी करू नका, 'हो' दाबा.

तिनं हे धाकट्याला सांगितलं आणि सगळ्यांसाठी सूचना लिहायला घेतली. त्यानं विनवलं, की कंपनीचं नाव चार दिवस घालू नकोस. आम्ही किरकोळ तांत्रिक अडचण म्हणून कळवलंय. ती लिहिता लिहिता थांबली.

"तपासणी अजून बंद आहे?"

तो हेल्मेटचा पट्टा चाळवत राहिला.

"आत्ता, या क्षणी?"

"हो. चालू केली तर त्या ग्राहकाची साइट पुन्हा जाईल, आणि तिच्यामागोमाग मी."

तू काय करावंस ते मी सांगणार नाही, असं ती म्हणाली. सूचना मात्र कंपनीच्या नावासकट उद्या जाणार होती, आणि तिच्या सुरुवातीलाच ताईची स्वतःची चूक होती.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं साहेबांना गाठलं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत विषय घेऊ, असं उत्तर मिळालं. तो आपल्या खुर्चीवर येऊन बसला. मग तपासणी चालू केली आणि स्वतःच जाऊन साहेबांना सांगून आला. बड्या ग्राहकाची साइट गेली, फोन खणखणू लागले, आणि जेवणाच्या आधी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. तोवर ताईची सूचना सगळीकडे पोचली होती आणि साधे ग्राहकही कंपनीला जाब विचारत होते. तपासणी पुन्हा बंद करा असं लेखी द्यायला आता कुणी धजावेना, म्हणून ती चालू राहिली. बड्या ग्राहकानं आपली नोंद दुरुस्त केली. काम किरकोळच होतं. धाकट्याला मात्र कुणी परत बोलावलं नाही.

फायलींची कुलपं निघाली नाहीत. ज्यांनी खंडणी भरली त्यांचीही नाहीत. ताईनं नवी आवृत्ती काढली. ती काही विचारत नव्हती. सही जुळली नाही तर सरळ नकार द्यायची. आवाजाची आणखी एक प्रत वेगळी काढून ठेवायची सोयही तिनं केली. आवाज संगणकाबाहेर जाणार नाही या आपल्या शब्दाचा तिला एवढा अभिमान होता, की ती प्रत आधी कधी सुचलीच नव्हती.

भावंडं बाईंकडे गेली. धाकट्यानं काही न लपवता सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि टाइप केलं. प्रोग्रामचा मूळचा सपाट आवाज बोलू लागला.

"तुझी नोकरी गेली हे वाईट झालं. पण मला राग आहे, आणि तो मी इतक्यात सोडणार नाही." मग त्या ताईकडे वळल्या. "लाल चौकट मला दिसली होती. तू सांगितलेलं आठवलं, म्हणून हो दाबलं."

पुढचे काही आठवडे ताई बाईंच्या आवाजाचे तुकडे गोळा करत फिरली. मुलीच्या फोनमधले निरोप मिळाले, शाळेच्या निरोपसमारंभाचं पंख्याच्या घरघरीसकट रेकॉर्डिंग मिळालं. त्यातून तिनं एक आवाज बांधला आणि भीतभीत बाईंना ऐकवला.

बाईंनी तेच वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा. शेवटी त्यांनी टाइप केलं:

"ही माझी बहीण वाटते. तिचं न् माझं कधी पटलं नाही."

ताईला हसू आलं, पण बाई हसत नव्हत्या. त्यांनी पुढे लिहिलं, की हा काढून टाक, नात ऐकेल आणि मीच आहे असं समजेल. सपाट आवाजच राहू दे, फक्त जरा सावकाश कर, नद्यांची नावं फार भरभर म्हणतो.

ताईनं तो सावकाश करून दिला. धाकटा जिन्यात थांबला होता. खाली उतरताना त्यानं विचारलं, की बाई यापुढे तुझा प्रोग्राम वापरतील का?

"वापरतील," ताई म्हणाली. "दुसरं आहे काय त्यांच्याकडे?"