आकडा माझा, श्वास तिचा

मी बोटाला लावायचा चिमटा बोलतोय. कातडीतून उजेड पाठवायचा आणि रक्तात प्राणवायू किती ते सांगायचं, एवढंच माझं काम. बाळंतिणींच्या वॉर्डात, मोठ्या सिस्टरांच्या खिशात माझा मुक्काम.

कारखान्यात माझी परीक्षा झाली ती गोऱ्या बोटांवर, त्यातही बहुतेक पुरुषांच्या. पहिल्या नंबरानं पास झालो आणि डोक्यात हवा गेली. वॉर्डात तर माझा थाटच होता. लोक आधी माझ्याकडे बघत, मग बाईकडे. मी चांगला आकडा दाखवला की नवरा, सासू, डॉक्टर, सगळे निवांत.

एका सकाळी एक बाळंतीण म्हणाली, "श्वास पुरत नाहीये." शिवणकाम करणारी, काळीसावळी, भारी बडबडी. मला तिच्या बोटाला लावलं. मी छातीठोकपणे सांगितलं, पंच्याण्णव.

"ठीक आहे की," तरुण डॉक्टर म्हणाले. "पहिलटकरणी घाबरतात. होतं असं."

"घाबरायला हा... काय वाघ आहे?" तिनं दोन दिवसांच्या लेकाकडे बोट दाखवलं. सगळे हसले. मोठ्या सिस्टर तेवढ्या हसल्या नाहीत. वाक्य मध्येच तुटलेलं त्यांनी ऐकलं होतं. त्याही तिच्याच रंगाच्या.

"बाई, एका श्वासात वीसपर्यंत मोज बघू."

ती सहावर थांबली.

"पुढचे येत नाहीत?"

"येतात हो. श्वासच... संपतो."

"डॉक्टर, मनगटातलं रक्त काढून तपासा."

"पण सिस्टर, आकडा..."

"आकडा त्याचा, श्वास तिचा. आमच्या कातडीवर हा चिमटा जरा उदार होतो, आकडा वाढवून सांगतो. मागे अशीच एक होती. मी त्या दिवशी सुट्टीवर होते. तिची मुलगी आता शाळेत जाते, आजीचं बोट धरून."

डॉक्टरांनी सुई मागवली. रक्त तपासलं, तर सत्त्याऐंशी! फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली होती. मला रंग असता तर तो तिथंच उतरला असता.

धावपळ झाली, औषधं सुरू झाली. पाचव्या दिवशी बाळाचं दुपटं उलटं गुंडाळलं म्हणून तिनं नवऱ्याला असं काही झापलं, की मध्ये पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. तो बिचारा ऐकत होता आणि डोळे पुसत हसत होता. सगळा वॉर्ड हसत होता. सिस्टरांच्या खिशात मीही हिंदकळत होतो.

आता माझी स्प्रिंग सैल झाली आहे, पाठीला चिकटपट्टी आहे. सगळ्या रंगांच्या बोटांवर पारखलेले नवे चिमटे मागवलेत म्हणे. येऊ देत, मला हेवा नाही. मला टाकून द्या असंही म्हणत नाही. वापरा, पण शेवटचा शब्द माझा धरू नका.

परवा त्याच डॉक्टरांनी मला एका नव्या बाळंतिणीच्या बोटाला लावलं. मी ऐटीत अठ्ठ्याण्णव दाखवलं. त्यांनी मला काढून टेबलावर पालथं ठेवलं, खुर्ची ओढली आणि तिला म्हणाले, "हं, आता तुम्ही सांगा."

ती सांगत राहिली, ते ऐकत राहिले. इतका गोड अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता.