मंजुळाबाईच्या चंचीतलं गवती चहाचं तेल

मी गवती चहाचं तेल बोलतोय. चपट्या काचेच्या बाटलीत तळाशी दोन बोटं उरलोय. माझं कौतुक करणारे हट्टा गावात पुष्कळ आहेत. मला मात्र वेगळंच सांगायचंय, आणि ते सांगताना मान वर होत नाही.

माझा जन्म वसमतचा. तिथल्या मोहियोद्दीन अत्तारांच्या परसात, पाटाच्या कडेला गवती चहाची बेटं होती. पाती कापून ते तांब्याच्या डेगीत पाण्यासोबत घालायचे, झाकण कणकेनं लिंपायचे आणि खाली मंद आच लावायचे. नळीतून उतरलेली वाफ थंड झाली की पाण्यावर पिवळसर तवंग दिसायचा. तो तवंग म्हणजे मी.

मंजुळाबाई पहिल्यांदा हट्ट्याहून अत्तारांकडे आली, तेव्हा भर उन्हाळ्यात तिनं मानेभोवती पदर आवळून धरला होता. पदराखाली गजकर्णाचे गोल चट्टे होते. घरात जावा तिला पिठाला हात लावू देत नव्हत्या.

"बाई, नुसता डाग न्हाई ह्यो," अत्तार म्हणाले. "कातड्यात डोळ्याला न दिसणारे बारीक जीव असतेत. ह्या तेलानं ते मरतेत. पण तेल लई कडक हाय. पळीभर तिळाच्या तेलात दहा थेंब, बराबर मोजून. पोटात न्हाई, अन् डोळ्यात तर बिलकुल न्हाई."

ते जीव मी पाहिले. शिळ्या भाकरीवर येते तशी बुरशी, तिचे धागे कातडीत पसरलेले. मी लागलो की त्यांची साल फुटायची आणि आतला रस वाहून जायचा. महिनाभरात मंजुळाबाईची मान स्वच्छ झाली. तिनं पदर सोडला आणि सरळ जाऊन परातीपुढं बसली.

मग बायका येऊ लागल्या. कुणाच्या पायाला चिखल्या, कुणाच्या लेकराच्या डोक्यात खवडा. मंजुळाबाई कुणाकडून काही घेत नसे. बाटली कमरेच्या चंचीत ठेवायची, आणि मी संपत आलो की अत्तारांकडून भरून आणायची. तिच्या लुगड्याला, घराच्या भिंतींना माझा वास लागला. लोक म्हणायचे, बाईच्या हाताला गुण हाय. तिला ते आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शेजारी मदीनाबी आणि तिचा नवरा अन्सार राहत. त्यांची इशरत दोन वर्षांची होती, तेव्हा गावात डोळे येण्याची साथ आली, तिचेही डोळे आले. मदीनाबीनं सकाळी लेकीच्या डोळ्यात सुरमा घातला, तिला मंजुळाबाईपाशी सोडलं आणि निंदायला गेली.

पोरगी डोळे चोळून रडत होती. मंजुळाबाईनं चंची सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. अत्तारांचं बोलणं तिला आठवत होतं. पण इतक्यांना बरं करणारा हात गप्प बसेना. तिनं मला तिळाच्या तेलातही मिसळलं नाही. एक थेंब, उजव्या डोळ्यात.

लेकराची ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. बुरशीचा धागा कोणता आणि लेकराच्या डोळ्याचा पडदा कोणता, हे मला कळत नाही. मी दोन्ही जाळतो.

संध्याकाळी मदीनाबी आली, तर डोळा सुजून मिटलेला.

"काय झालं गं हिला?"

"काय की," मंजुळाबाई म्हणाली. "सकाळी तू सुरमा घातला व्हता, न्हाई का?"

बैलगाडीनं वसमतला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, डोळ्यात काय घातलं? मदीनाबी म्हणाली, सुरमा. डोळ्यात फूल पडलं, त्या डोळ्याची नजर गेली ती कायमची. माझा वास कुणाला खटकला नाही. मंजुळाबाईच्या घरात तो नेहमीचाच.

त्या दिवसापासून अन्सार मदीनाबीला एकच ऐकवायचा, "आपल्या हातानं आंधळी केली पोरगी." कोरड्यास खारट झालं तरी तेच. मंजुळाबाईला भिंतीपलीकडून सगळं ऐकू जायचं. ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. मीही सोबत जायचो.

असं सहा वर्षं चाललं.

मग अन्सारच्या बहिणीला मुलगा झाला. बाळंतीण माहेरी, म्हणजे अन्सारच्याच घरी होती. बायका जमल्या होत्या. मदीनाबीनं बाळाला घ्यायला हात पुढं केले, तेवढ्यात नणंद म्हणाली, "भाबी, तुमी राहू द्या." आणि बाळ मंजुळाबाईच्या मांडीवर दिलं. "मौसीचा हात गुणाचा हाय."

मदीनाबीनं रिकामे हात पदराला पुसले. इशरत दाराशी उभी होती.

मंजुळाबाईनं बाळ परत दिलं. चंचीतून मला काढून जमिनीवर ठेवलं.

"सुरम्यानं न्हाई झालं," ती म्हणाली. "ह्ये तेल म्या घातलं व्हतं पोरीच्या डोळ्यात. अत्तारांनी नको म्हणून सांगितलं व्हतं, तरी घातलं. अन् नाव तुझ्यावर येऊ दिलं, मदीना."

अन्सार दारात उभा होता. मला वाटलं, मदीनाबी बाटली उचलून फोडेल. तिनं मंजुळाबाईकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"ऐकलं का?" ती म्हणाली.

अन्सारची मान खाली गेली. मग मदीनाबी इकडे वळली. "सहा साल मी माझे हात जाळून टाकावे म्हणत व्हते, मंजुळा. तू बाजूलाच व्हतीस. उठ. पुन्हा ह्या उंबऱ्यात येऊ नको."

मंजुळाबाई पुन्हा त्या उंबऱ्यात गेली नाही.

आता सन एकोणीसशे अठ्ठेचाळीस आहे. गजकर्ण, चिखल्या होतातच, बायका अजून येतात. तेल लावण्याआधी मंजुळाबाई प्रत्येकीला सगळं सांगते: कुणाची पोरगी, कोणता डोळा, कुणावर ढकललं. काही जणी ऐकून तशाच परत जातात. ती थांबवत नाही. जी थांबते तिच्यासाठी पळीत थेंब मोजते, मोठ्यानं.

तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी बाटली असेल. तिनं एक दुखणं बरं केलं म्हणून दुसऱ्यावर ओतू नका. आणि हात चुकलाच, तर त्याच घटकेला सांगा. इशरतचा डोळा त्यानं वाचला असता का, हे मला ठाऊक नाही. मदीनाबीची सहा वर्षं नक्की वाचली असती.

इशरत आता मोठी झालीय. पाण्याला जाताना मान थोडी वळवून, डाव्या डोळ्यानं रस्ता बघत चालते. ती दिसली की मंजुळाबाई पूर्वी आत पळायची. आता दारात उभी राहते. चंचीत मी असतो. पोरीनं आम्हा दोघांकडे पाहावं, हवा तितका वेळ.