अर्ध्या माशीची कात

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी विजयश्री यांच्या फोनवर आयर्लंडच्या खरेदीदाराचा फोटो आला. तळहातावर दोन माश्या होत्या, एक गेल्या वर्षीची, एक यंदाची. खाली एकच प्रश्न होता : शेपूट कुठे गेलं?

मोशीत विजयश्रींची पत्र्याची शेड आहे. तिथे अकरा बायका गळावर दोरा, पिसं आणि केस बांधून खोट्या माश्या करतात. तिकडचे लोक उन्हाळ्यात त्यांच्यावर ट्राउट मासा धरतात. शेडमधल्या कुणीही ट्राउट पाहिलेला नाही. यंदाची मागणी एकाच प्रकाराची होती. पाण्यात वाढलेला किडा वर येतो, त्याची कात फाटते आणि पंख बाहेर निघतात. तेवढा वेळ त्याला धड पोहता येत नाही की उडता येत नाही, आणि मासा त्याला तेव्हाच टिपतो. त्या अवस्थेतल्या माशीला बायका ‘अर्धी’ म्हणतात. मागे लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे तिची कात.

कस्तुरा वाघमारे मार्चपासून तपासणीच्या टेबलावर आहे. त्याआधी नऊ वर्षं ती चाकणच्या एका कारखान्यात डिबरिंगला होती. ओतीव भागाच्या कडेची धातूची कुसळं काढायची आणि भाग नमुन्याशी ताडून बघायचा. नमुन्यात नाही ते भागावर राहता कामा नये. इथे आल्यावर तिने आधी नमुना मागितला. विजयश्रींनी डबीतली माशी काढून दिली. तिला मागे काहीच नव्हतं. कस्तुराने बारीक कात्री घेतली.

ती प्रत्येक माशीचे धागे कापायची आणि दोषांच्या वहीत ‘धागे सुटले’ म्हणून बांधणारीचं नाव लिहायची. सगळ्यात जास्त नोंदी गवराबाई बोऱ्हाडे यांच्या नावावर होत्या, एक्केचाळीस. शेड सुरू झाली तेव्हापासून त्या तिथे बांधत होत्या.

“मावशी, मागे धागे सुटतात तुमचे,” कस्तुरा त्यांना म्हणाली होती.

“सुटत न्हाईत, सोडते मी. कात हाय ती.”

“नमुन्यात नाहीये पण.”

“मग नमुन्यालाच इचार जा.”

मागून कुणीतरी म्हणालं, “कंपनीतनं आलीय बाई. उद्या माशीला ऑइल बी पाजंल.” सगळ्या हसल्या. गवराबाई हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात वही बघून विजयश्रींनी त्यांना काही दिवस घरी थांबायला सांगितलं. त्याला मंगळवारी बारा दिवस झाले.

फोटो आल्यावर विजयश्रींनी नमुन्याची माशी भिंगाखाली धरली. शेवटच्या वेढ्याजवळ तपकिरी धाग्यांचे तीन खुंट होते. वर्षानुवर्षं डबीत घासून कात झिजून गेली होती. बांधणाऱ्या बायकांना नमुना बघायची गरज पडत नसे, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“नमुनाच खराब होता, कस्तुरा,” विजयश्री म्हणाल्या. “तुझा काय दोष?”

“त्या सांगत होत्या, मॅडम. मी ऐकलं नाही.”

जेवणाच्या सुट्टीत तिने हे सगळ्या बायकांसमोर सांगितलं. वहीतल्या एक्केचाळीस ओळी खोडून तिथे स्वतःचं नाव लिहिलं. चार वाजता वही, एक गळ आणि दोऱ्याचं रीळ घेऊन ती मोशी गावठाणात गेली. गवराबाई दारात कुरडया उलटत होत्या. वही त्यांनी हातात घेतली नाही.

“तू लिवलंस तवा मला वाटलं, खरंच हात गेला माझा,” त्या म्हणाल्या. “डोळं तर आधीच अधू झाल्यात. सुनंला म्हणलं, आता आपलं झालं.”

“हात नाही गेला, मावशी. तुमचं बरोबर होतं. मीच कापत होते.”

“किती कापल्यास?”

“सगळ्यांच्या मिळून साडेतीनशे.”

गवराबाईंनी कुरडई ठेवली. “आगं, एकदा तरी पाण्यात टाकून बघायचीस.”

कस्तुराने गळ आणि रीळ पुढे केलं. नवा नमुना तुमच्याच हातचा हवा असं मॅडम म्हणाल्यात, एवढं तिने सांगितलं.

“मॅडमला म्हणावं, घरी बस म्हणताना वहीच बघितली. माझ्या हाताकडं बघितलं का?”

गळ आणि रीळ त्यांनी ठेवून घेतलं. येते म्हणाल्या नाहीत, नाही असंही म्हणाल्या नाहीत.

नवा नमुना शुक्रवारी सायंकाळच्या कुरिअरने आयर्लंडला जायचा आहे. इतर बायकांच्या हातच्या चार माश्या विजयश्रींनी बाजूला काढल्या आहेत, पण अजून एकही निवडलेली नाही. गुरुवारी दुपारी एक वाजेपर्यंत गवराबाई शेडवर आल्या नव्हत्या.