शिडी धरायलाही मनाई

मी एक जुनी शिडी आहे आणि एका जागी पडून राहायचा मला मनस्वी कंटाळा आहे. मित्रांनो, माझ्या कुरकुरीला हसू नका.

फिरमीन छपरांची कौलं बसवायचा. आल्स्ट गावात आम्ही दोघांनी किती छपरं पालथी घातली! लोक खालून म्हणायचे, "काय शिडी आहे, जरा हलत नाही!" मी नुसती फुगून जायची.

मग त्याच्या मालकाचा धंदा बसला. फिरमीनला बेकारीचा भत्ता सुरू झाला आणि मला अंगणातल्या भिंतीवर आडवं टांगलं. भत्ता चालू राहायचा तर नियम पाळायला हवेत. रोज कचेरीत जाऊन हजेरीचा शिक्का घ्यायचा, तोही रोज वेगळ्या वेळी, म्हणजे कुठे चोरून काम करता येऊ नये. सांगितलेली नोकरी नाकारायची नाही. आणि आधी कळवल्याशिवाय कुणाच्या कामाला हात लावायचा नाही. फिरमीन अंगणात येरझारा घालायचा, मी खुंट्यांवर तळमळायची.

शेजारी ओडिल मावशी एकट्या राहायच्या. एकदा त्यांच्या मागच्या खोलीवरची कौलं निसटली. पैसे घ्यायचे नाहीत, मग कळवायचं कशाला, असं म्हणून फिरमीननं मला उतरवलं. अहाहा, काय ती सकाळ! काम संपवून तो गल्लीत आला आणि नेमका भत्त्याच्या कचेरीचा तपासनीस समोर.

"फुकट केलंय हो मी," फिरमीन म्हणाला.

"मग हातात काय आहे?"

"टार्ट आहे, तांदळाच्या खिरीची, गोड. मावशी ऐकेचनात."

"म्हणजे मोबदला."

मावशी दारातून कडाडल्या, "अरे मेल्या, काम करून घेतल्यावर माणसाला रिकाम्या हातानं पाठवू होय? हेच शिकवलं का तुला घरी?"

झालं! बाईंनी आपल्याच तोंडानं कबुली दिली. हिवाळाभर भत्ता बंद झाला. पुन्हा सापडलास तर कायमचा बंद, अशी ताकीदही मिळाली. फिरमीनची बायको लिव्ह म्हणाली, "त्या शिडीकडे नुसतं बघितलंस ना, तर याद राख. पोरींच्या तोंडचा घास आहे तो."

भत्ता पुन्हा सुरू झाला आणि एका शनिवारी वादळ आलं. मावशींच्या पलंगावर धो धो पाणी. कळवायचं तर कचेरी सोमवारी उघडणार!

"तू बस घरात," मावशी फिरमीनला म्हणाल्या. "मीच चढते."

सत्तरी ओलांडलेली बाई मला फरफटत घेऊन गेली आणि भिंतीला टेकवून, ताडपत्री काखेत मारून चढायला लागली. फिरमीन खाली उभा, दोन्ही हात खिशात. मला इतका राग आला! ओल्या दगडांवर माझे पाय सरकायला लागले. मावशी वर किंचाळल्या. मी स्वतःला कशी धरणार?

लिव्ह दारात होती, कडेवर तान्ही पोर. ती ओरडली, "अरे, बघतोस काय? धर ना! भत्ता गेला खड्ड्यात!"

फिरमीननं मला असं घट्ट धरलं की माझी सगळी तळमळ थांबली. गल्लीतून कोण जात होतं, ते आमच्यापैकी कुणीच बघितलं नाही.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून तेल द्या. पण वर कुणी चढलेलं असेल, तर आधी मला धरा. नियम नंतर वाचा.