गळकी बुचं

"ही बुचंसुद्धा गळतायत!" मावशींनी पाण्याच्या चार बाटल्या स्टोअरकीपरच्या टेबलावर आपटल्या. "आठवड्यात तिसऱ्यांदा चौदा नंबरचा पिंजरा भिजलाय. ओल्या भुशात उंदीर गारठले तर तुम्ही येणार का त्यांना शेकायला?"

"अहो मावशी, कालच तर नवीकोरी दिली!" तो बिचारा रडकुंडीला आला.

मावशींच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. एकवीस वर्षं त्या प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळत होत्या. उंदीरही साधे नव्हेत, जन्मतःच फिट येणारे. नवी औषधं आधी त्यांच्यावर तपासायची. आवाजाने झटका येतो म्हणून त्या खोलीत किल्ल्या वाजलेल्याही मावशींना खपत नसत. शिवाय कॅमेऱ्याचं चित्रीकरण बघून कुणाला कधी, किती सेकंद आणि केवढा झटका आला, हे वहीत लिहायचं कामही त्यांचंच. एक नंबर म्हणजे नुसतं थिजणं, पाच म्हणजे आडवं पडणं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टरबाई कितीही शिकलेल्या असल्या, तरी एक नंबरचा झटका ओळखावा तो मावशींनीच.

"चौदाचं कालचं चित्रीकरण बघा ना," मावशी तणतणत परत आल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "बूच कधी गळलं तेही कळेल."

"बघतेच. पुरावाच नेऊन दाखवते त्याला."

पडद्यावर दुपारचे तीन बारा. उंदीर कोपऱ्यात मिशा पुसत होता. पिंजऱ्यावर हातमोजे घातलेले दोन हात आले, मावशींचेच. बूच नीट बसवायला त्यांनी ते काढलं, आणि हात तिथेच थांबले. एका हातातली बाटली हळूहळू कलली. पाणी भुशावर सांडू लागलं. दुसऱ्या हाताची बोटं मात्र बूच चोळत होती, गोल गोल, उगाचच. उंदीर वर बघायला लागला. एक्केचाळीस सेकंदांनी हातांनी बूच लावलं आणि काही झालंच नसल्यासारखे ते निघून गेले.

लक्ष दुसरीकडे असेल, मावशींनी मनाला समजावलं. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांना ते ओळखू आलं. उंदराने असं केलं असतं तर त्यांनी डोळे मिटून एक नंबर लिहिला असता. त्यांना त्यातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. बाही ओली झालेली तेवढी आठवत होती.

"काय दिसलं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काही नाही. बूच गळतंय."

हे चित्रीकरण दुसरं कुणी बघणार नव्हतं. फिट येणाऱ्या बाईला इथे कोण ठेवेल? मावशींनी पेन्सिल खाली ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. साडेपाचला लेक कामावर जाणार आणि मावशी सात महिन्यांच्या नातीला टबात बसवणार. मानेखाली एक हात, दुसऱ्यात साबण, घरात तिसरं माणूस नाही.

त्यांनी घड्याळावर एक्केचाळीस सेकंद मोजून पाहिले. संपता संपेनात. मावशी घाबरल्या. आयुष्यात इतक्या कधी घाबरल्या नव्हत्या. त्यांनी लेकीला फोन लावला.

"आज कामावर जाऊ नकोस. पिल्लूला तूच अंघोळ घाल."

"का गं आई? बरं नाही वाटत का?"

"आल्यावर सांगते. पण यापुढे मी एकटी असले तर तिला माझ्या हातात देऊ नकोस." त्यांनी फोन ठेवला.

मग त्यांनी वहीत लिहिलं: तीन बारा, एक्केचाळीस सेकंद, एक नंबर. पिंजऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव. वही डॉक्टरबाईंपुढे सरकवली आणि त्या वाचत असतानाच मावशी स्टोअरकडे गेल्या.

"बुचं चांगली आहेत तुमची," त्या स्टोअरकीपरला म्हणाल्या. "माझंच चुकलं."

मावशी चुकल्या म्हणतायत, हे ऐकून तो उठूनच उभा राहिला. "अहो, राहू द्या. बाटल्या मी आणून देतो."

"नको. अजून नेता येतात मला."

चारही बाटल्या त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, एकेक पाऊल बघत, त्या उंदरांच्या खोलीकडे निघाल्या.